उन्हाळ्याचा मॅप वेगळा

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवला की गाडी पळते, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात आमच्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात यावं. दुपारी दोनच्या सुमाराला, पारा ४५ला टेकलेला असताना बॉनेट उघडावं आणि टर्बोच्या दिशेने नुसता हात न्यावा. पळण्याच्या गप्पा आपोआप मागे पडतात. टर्बोचं सगळं दुखणं आणि सगळी करामत उष्णतेत आहे, आणि उष्णता आमच्याकडे वर्षातले कितीतरी महिने फुकट मिळते.

मी संत्र्याचा शेतकरी. शेतातल्या शेडमध्ये एक जुना लेथ, एक आर्गन वेल्डिंगचा सेट आणि एक ड्रिल मशीन आहे, कारण फवारणीचा ब्लोअर, पंपाची शाफ्ट, ट्रॉलीचा हुक ही मंडळी नेमकी हंगामातच मोडतात आणि तेव्हा अमरावतीला जायला कुणाला सवड नसते. इंजिनांचा नाद मात्र पोटापाण्याचा नाही. तो निव्वळ नाद. घरची मारुती ८०० म्हातारी झाली, भंगाराच्या भावातही तिला कुणी धड विचारेना, तेव्हा तिची नोंदणी रद्द करून घेतली आणि टर्बोचे प्रयोग करायला शेतात आणून उभी केली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ‘रस्त्यावर काढता का हो?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही काढत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल करून गाडी चालवता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. आमची गाडी धुऱ्याच्या आतच धावते.

गाडीतलं इंजिन सुझुकीचं एफ८बी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. शक्ती ३७-३८ हॉर्सपॉवर. तालुक्यातल्या कुठल्याही मेकॅनिकने डोळे मिटून उघडावं इतकं ओळखीचं. पण याच एफ घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून सुझुकीने १९८७ साली जपानमध्ये अल्टो वर्क्स काढली होती, आणि तिची शक्ती होती ६४ पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर. आपल्या इंजिनापेक्षा अडीचशे सीसीने लहान इंजिन, आणि ताकद जवळजवळ पावणेदोन पट. अर्थात त्यांचं हेड वेगळं, पिस्टन वेगळे, सगळंच कारखान्यात त्यासाठी घडवलेलं. तरी हा आकडा एकदा डोक्यात शिरला की दारात उभ्या असलेल्या ८००कडे माणूस पूर्वीच्या नजरेने बघत नाही.

टर्बो निवडताना लोक ब्रँड विचारतात. हिशेब करायचा असतो हवेचा. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाइतकी हवा ओढतं. म्हणजे ७९६ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण २४०० लिटर. आता स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत जिकडेतिकडे असलेलं ते ‘१.३ लिटर’ डिझेल इंजिन घ्या. त्याचं खरं माप १२४८ सीसी, आणि ४००० आरपीएमला ते ओढतं सुमारे २५०० लिटर. दोन्ही आकडे शेजारी लिहिले तेव्हाच टर्बो ठरला. त्या गाड्या आता भंगारात यायला लागल्यात, त्यामुळे तो मिळतोही. घेताना शाफ्ट बोटांत धरून बघायची: आडवा थोडासा खेळ चालतो, कारण ती शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते आणि तेल नसताना सैलच लागते. पुढे-मागे मात्र खेळ जाणवता कामा नये, आणि पात्यांची टोकं हाउसिंगला कुठे घासलेली नकोत. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारणार असतं. तिथे ‘चालून जाईल’ चालत नाही.

मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर टर्बोकडे नेणारा पाइपांचा जोड, मात्र बाजारात मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि मला या सगळ्या उद्योगातला सगळ्यात आवडता भाग तोच. १० मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून हेडची फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळायची चपटी पट्टी, कापली, दुसरी टर्बोची. मध्ये सी-क्लास पाइपचे जाड बेंड, तिन्ही सिलिंडरांतून येऊन एकत्र मिळणारे. आमचे वेल्डर उस्ताद शाळेत फार गेले नाहीत, पण धातू तापला की कुणीकडे ओढणार हे त्यांना आधी कळतं. त्यांनी पहिल्यांदा एक निकामी हेड मागून घेतलं. फ्लँज त्या हेडला नटबोल्टने आवळली आणि मगच पेटले. एका पाइपला दोन इंच, मग तो सोडून तिसऱ्याला, मग मधल्याला, पुन्हा पहिल्याला. एका दमात पूर्ण गोल वेल्ड मारला असता तर फ्लँज केळीच्या पानाइतकी वाकली असती. काम रात्री चालायचं, कारण शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइन पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि आमचा आठवडा रात्रीचा होता. शेवटचा टाका झाल्यावर उस्तादांनी बोल्ट सोडू दिले नाहीत. “राहू दे बांधलेलंच. सकाळपर्यंत थंड होते, मंग खोल.” सकाळी खोलून फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून टॉर्च मारला. मधल्या पोर्टजवळ उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. तेवढी लेथवर फेस करून, म्हणजे पृष्ठभाग छिलून सपाट करून काढली.

तेलाच्या लाइनबद्दल थोडक्यात. टर्बोला तेल प्रेशरने येतं, पण परत जातं ते फक्त उताराने. परतीचा पाइप जाड हवा, सरळ खाली यायला हवा आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उतरायला हवा. तो खाली बुडाला की तेल टर्बोतच तुंबतं, सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. मग लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बो धड असतो, गेलेली असते नालीची लेव्हल. पाटाचं पाणी वळवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता उष्णतेकडे.

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक ज्यांनी धरून बघितलंय त्यांना ते माहीत आहे. किती तापते याचं गणितही सोपं आहे, फक्त तापमान केल्विनमध्ये घ्यावं लागतं. आमचं शेत समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंच, त्यामुळे इंजिन बंद असताना हवेचा दाब मोजणारा सेन्सर ९६-९७ किलोपास्कल दाखवतो, समुद्रकाठी तो १०१च्या आसपास दाखवेल. त्यावर आम्ही ०.४ बार बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, चढवला, म्हणजे दाब साधारण १.४ पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची हवा टर्बोतून ५७ अंशांना बाहेर पडते. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा ९५ अंशांना. आणि एअर फिल्टर बॉनेटच्या आतच ठेवला, जिथली हवा सहज ६० असते, तर आकडा जातो ११०च्या वर. उकळत्या पाण्यापेक्षा गरम हवा आपण इंजिनच्या तोंडात कोंबत असतो.

त्यात एक कर आधीच कापलेला असतो. ४५ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा विरळ, त्यामुळे त्याच दाबाला डिसेंबरात अकरा-बारा टक्के जास्त हवा आत जाते. टर्बो मोठा झाला तोच विरळ हवेच्या भांडणातून. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने एक्झॉस्टच्या वायूवर कॉम्प्रेसर फिरवण्याचं पेटंट १९०५मध्ये घेतलं होतं, पण त्या कल्पनेला पंख फुटले ते विमानांमुळे. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन टर्बोसकट पाइक्स पीक या १४ हजार फुटी डोंगरावर नेऊन चालवून दाखवलं: वर हवा पातळ, तरी इंजिनची ताकद टिकली. डोंगरावर हवा विरळ असते पण गारही असते. आमच्याकडे ती जमिनीवरच विरळ होते, तीही उन्हाने, आणि त्यातून गार होण्याचं सुख काही मिळत नाही.

पेट्रोल इंजिनला गरम हवा का सोसत नाही, तर नॉकिंगमुळे. प्लगची ठिणगी पडली की आग तिथून पसरत जायला हवी. पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आधीच दाबलेलं आणि तापलेलं असेल, तर आग पोचायच्या आतच ते एकदम भडकतं. सिलिंडरमध्ये घण मारल्यासारखा दाब उसळतो. डिझेलवाल्यांना ही भानगड नाही, कारण त्यांच्या सिलिंडरमध्ये दाबताना नुसती हवा असते. म्हणूनच डिझेल गाडीच्या टर्बोची मूळ वेस्टगेट स्प्रिंग, म्हणजे बूस्ट किती चढू द्यायचा ते ठरवणाऱ्या झडपेची स्प्रिंग, आमच्या कामाची नव्हती. ती बूस्ट एक बारच्या पुढे जाऊ देते. तेवढा बूस्ट या पिस्टनांना दिला असता तर गोष्ट फार लवकर संपली असती. शिवाय पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा दीडदोनशे अंशांनी जास्त तापलेला असतो, म्हणजे त्याच टर्बोच्या गरम बाजूवर इथे जास्त अत्याचार. रात्री लोड दिला की ते हाउसिंग लाल दिसतं. बघायला छान वाटतं, पण मला ते बघून आनंद होत नाही.

मूळ ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, यातलं काही माहीत नाही, म्हणून तो काढून स्पीडुइनो बसवला. ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्टुअर्ट यांनी आर्डुइनो मेगा बोर्डावर उभी केलेली ही ईसीयू, आणि तिचा सगळा आराखडा खुला आहे. त्याआधी २००१च्या सुमाराला ब्रूस बोलिंग आणि अ‍ॅल ग्रिपो यांनी अमेरिकेत मेगास्क्वर्टने हीच वाट पाडली होती. खेड्यातल्या शेडमध्ये इंजिन ट्यून करता येतं ते या लोकांच्या जिवावर, असं मला मनापासून वाटतं. लॅपटॉपवर एक तक्ता उघडतो: आडवा आरपीएम, उभा दाब, १६ गुणिले १६ चौकटी. प्रत्येक चौकटीत पेट्रोलचा एक आकडा. तसाच दुसरा तक्ता ठिणगीच्या टायमिंगचा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची त्याचा. हे दोन तक्ते भरणं म्हणजे मॅपिंग. मोठ्या शहरात ते डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर करतात. डायनो आमच्याकडे नाही. आमच्याकडे ट्रॉली आहे.

ट्रॉलीत विटा भरल्या, ती गाडीच्या मागे जोडली आणि शेतातल्या लांब रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला. मागून ओढ असली की इंजिनला एका आरपीएमवर धरून ठेवता येतं आणि एकेक चौकट सावकाश भरता येते. पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. तो शेजारच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो, स्क्रीनवर सावली यावी म्हणून डोक्यावरून दुपट्टा ओढलेला, आणि आकडे ओरडतो. “काका, तीन हजार, दाब एकशे वीस, लॅम्डा पंच्याऐंशी. पातळ आहे.” मी पाय काढतो, तो पेट्रोल वाढवतो, पुन्हा तीच चाल. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं. बूस्टमध्ये आम्हाला तो ०.८०च्या आसपास हवा असतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल. जळायला नको असलेलं हे पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. पोरगा ओरडत असताना इंजिन किती घाईत असतं हेही सांगायला हवं: ६००० आरपीएमला चारी स्ट्रोकचं एक चक्र २० मिलिसेकंदांत उरकतं, आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरने त्यातला फार तर ८०-८५ टक्के वेळ उघडं राहावं. मूळचे इंजेक्टर तिथे पुरे पडेनात, म्हणून मोठ्या गाडीचे घातले.

पेट्रोलचा तक्ता सेन्सर बघून भरता येतो. टायमिंगचा तक्ता कानाने भरावा लागतो. फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणली, तिचं एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडलं आणि इंजिनच्या ब्लॉकला बोल्टखाली आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, तिचा शेवट जिनिंगमध्ये वापरतात तसल्या इअरमफमध्ये. हे घालून बसलं की इंजिनच्या पोटातला आवाज थेट कानात. एवढ्या बोअरच्या सिलिंडरमध्ये नॉकिंगचा सूर साधारण आठ किलोहर्ट्झला लागतो, आणि तो एकदा ओळखता आला की इतर खडखडाटातून वेगळा काढता येतो: कोरडा, तुटक, टिक्-टिक् असा. टायमिंग एकेक अंश पुढे न्यायचं, ओढ वाढते का बघायचं, पहिली टिक् ऐकू आली की दोन-तीन अंश मागे यायचं.

हे करताना मला दरवेळी संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण आठवतो. डिसेंबर-जानेवारीत आपण बगीच्याचं पाणी तोडतो. झाडं मलूल होतात, काही पानं गळतात, आणि त्या ताणातूनच पुढे फूल येतं. ताण कमी बसला तर फुटवा येतो पण फूल नाही. जास्त बसला तर झाडच सलतं. किती दिवस तोडायचं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हलक्या जमिनीत झाड लवकर ताणावर येतं आणि भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने दाद देत नाही. मोठे बाबा पान चुरगळून बघतात आणि सांगतात, ‘आता पाणी द्या’. टायमिंगच्या तक्त्यातही परदेशातले तयार आकडे मिळतात. ते गार हवेत, चांगल्या पेट्रोलवर, कुणा दुसऱ्याच्या इंजिनवर काढलेले असतात.

मोठे बाबा वडिलांचे थोरले भाऊ. विहिरीवरचं डिझेल इंजिन त्यांनी उमेदीच्या काळात नुसत्या आवाजावर सांभाळलं. मी त्यांना इअरमफ लावायला दिले. बराच वेळ ऐकून म्हणाले, “काईच नाई ऐकू येत बाप्पा, चांगलं चालू रायलं.” सत्तरी ओलांडलेल्या कानाला आठ किलोहर्ट्झ कुठून पोचणार! पण मी प्लग काढले तेव्हा त्यांनी ते हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला आणि उन्हाकडे धरले. पहिला आणि तिसरा ठीक, चिनीमातीवर फिकट तपकिरी रंग. मधल्याच्या पांढऱ्या मातीवर नख खुपसून दाखवलं: तिथे दोन-तीन चकचकीत बारीक ठिपके होते. पिस्टनच्या माथ्यावरून उडालेलं अ‍ॅल्युमिनियम. “हा मधातला त्रास भोगू रायला,” ते म्हणाले. मधल्या सिलिंडरला दोन्ही बाजूंनी शेजारी तापलेले, आणि घरगुती मॅनिफोल्डमध्ये त्याच्या वाट्याला हवा-पेट्रोलचं माप थोडं वेगळं येतं. त्या सिलिंडरचं पेट्रोल आम्ही वाढवलं. पुढच्या वेळी प्लग स्वच्छ निघाला.

थंडीत सगळं जमलं. ०.४ बार, ४००० आरपीएमला २० अंश टायमिंग, ओढ अशी की विटांची ट्रॉली मागे आहे हे विसरायला व्हावं. कागदावरच्या हिशेबाने पन्नासच्या जवळपास हॉर्सपॉवर. पुतण्याने मित्र बोलावले. पाय काढल्यावर अडकलेला दाब सोडणाऱ्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची ती ‘फुस्स’ ऐकून त्यांना जो आनंद झाला तो बूस्टच्या आकड्याने झाला नव्हता. नुसत्या त्या आवाजासाठी टर्बो बसवणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही, पण पोट्टे खूश होते.

मग एप्रिल आला. त्याच मॅपवर, त्याच रस्त्यावर टिक्-टिक् परत ऐकू यायला लागली, आणि मे उजाडेपर्यंत आम्ही बूस्ट ०.२५वर आणि टायमिंग १६वर आणून ठेवलं होतं. खरं म्हणजे हवेचं तापमान वाढलं की टायमिंग आपोआप मागे घेणारा एक वेगळा तक्ता स्पीडुइनोत आहे. तो आम्ही भरलेला आहे. पण उन्हाळ्यात नुसती हवा तापत नाही. रेडिएटर तापतो, तेल तापतं, हेड तापतं, पेट्रोल टाकीतच कोमट होतं, आणि हवेचा सेन्सर यातलं काही सांगत नाही. म्हणून मी दोन वेगळ्या फाइली ठेवल्या आहेत. एकीचं नाव ‘थंडी’, दुसरीचं ‘उन्हाळा’. होळी झाली की बदलायची.

टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, आहे, एका डिझेल जीपचा, ग्रिलच्या मागे बसवलेला. पण इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही, आणि बाहेरच ४५. इथे मात्र विदर्भाच्या उन्हाळ्याची एक बाजू कामी येते. आमचं ऊन कोरडं आहे. मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत उतरते, आणि अशा हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३-२४ अंशच दाखवतो. कूलर आमच्याकडे चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारण हेच. तेव्हा कूलरचाच छोटा पंप घेतला, इंटरकूलरच्या तोंडावर बारीक फवारा बसवला. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. आमच्या इंटरकूलरला काढायची असते ती दोनेक किलोवॅट, म्हणजे हिशेबाने एका लिटरवर वीस मिनिटं. प्रत्यक्षात अर्धं पाणी खालीच गळतं. तरी आत जाणाऱ्या हवेचा काटा चांगला १२-१५ अंश खाली आला. यात मी नवीन काही शोधलेलं नाही. सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआयमध्ये असा फवारा कंपनीकडूनच येत असे. आणि १९६२ साली ओल्डस्मोबाइलने जेटफायर नावाची टर्बो कार विकायला काढली, तिच्या इंजिनमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण सोडायची सोय होती. ते मिश्रण लोक वेळेवर भरत नसत, आणि गाडी रुसत असे.

फवाऱ्याचा पहिला प्रयोग चालू असताना मोठे बाबा बांधावरून येताना दिसले. आमचा तालुका भूजलाच्या बाबतीत डार्क झोन. बोअर हजार फुटांच्या घरात गेल्या आहेत, मे महिन्यात ठिबकवर झाडं कशीबशी जगवायची असतात. त्यांनी गाडीच्या नाकातून गळणारं पाणी बघितलं. “बगीच्याले पानी नाई, अन् तू गाडीवर शिपडू रायला!” पाच लिटरचा डबा दाखवला, हिशेब सांगितला. त्यांनी डबा उचलून वजन बघितलं आणि काही न बोलता मोसंबीच्या नव्या रोपाला निम्मा ओतून टाकला.

इथेनॉलचंही असंच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गावात चौकाचौकात त्याला शिव्या आहेत: अ‍ॅव्हरेज पडलं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आम्ही गाडीची सगळी पेट्रोल लाइन बदलली, कारण ताण दिलेल्या इंजिनजवळ झिरपणारा पाइप ही फार वाईट गोष्ट. पण आमच्या कामाला हेच पेट्रोल धार्जिणं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते साध्या पेट्रोलच्या दुप्पटीहून जास्त उष्णता शोषतं. इंजेक्टर थोडे जास्त उघडे ठेवावे लागतात इतकंच. पंपावर रांगेत सगळे कुरकुरत असताना मी कॅन घेऊन गप्प उभा असतो. एक काळजी घ्यावी लागते: महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल ठेवायचं नाही, ते हवेतलं पाणी ओढतं.

कापसाचा त्रास कुणी सांगितला नव्हता. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की रस्त्याकडेच्या काट्याकुट्यांवर रुई अडकते तशी ती इंटरकूलरच्या जाळीवरही बसते, आणि तिच्यावर काळ्या मातीची धूळ. आठवड्यात जाळीवर चादर. वर टर्बोचं चाक लाखाच्या फेऱ्यांनी फिरत असताना फिल्टरमधून निसटलेला धुळीचा कणसुद्धा पात्याची कड खातो. म्हणून फिल्टर आता बॉनेटच्या बाहेर, गार हवेत आणि ट्रॅक्टरच्या फिल्टरच्या मापाचा. दिसायला गाडी विचित्र दिसते. दिसू द्या.

जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, ही सवय मात्र पुतण्याला लागता लागत नाही. बंद केलं की तेल थांबतं, तापलेल्या शाफ्टजवळ अडकलेलं तेल जळून कोळसा होतं आणि बेअरिंगला चिकटतं. मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं. तो किल्ली फिरवायला हात नेतो, मी ओरडतो, रोज.

त्याला आता एक बार हवा आहे. त्याचं म्हणणं, डिसेंबरात हवा गार असते, पेट्रोल चांगलं आहे, मग अडचण काय. अडचण पिस्टनच्या रिंगांची. जास्त बूस्ट म्हणजे वरची रिंग जास्त तापणार, फुगणार, आणि तिच्या दोन टोकांमधली फट पुरेशी नसली तर टोकं एकमेकांवर आपटून पिस्टनचा कडाच उचकटणार. ६८.५च्या बोअरला टर्बोसाठी ती फट ०.३० ते ०.३५ मिलिमीटर ठेवावी लागेल. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजायचं, कानस एकाच दिशेने मारायची. हे मी त्याच्याकडून करून घेणार आहे. पण मूळचे ओतीव पिस्टन तेवढा मार सोसतील यावर माझा विश्वास नाही, आणि फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन खास घडवून घ्यायचे तर पैसे लागतात. व्यापारी बगीचा बघून गेला, भाव अजून बोललेला नाही. तो बोलेपर्यंत हेड उघडायचं नाही, असं पोट्ट्याला सांगून ठेवलं आहे.